हेमचंद्राचार्यांची संख्यामाला आणि मोजणीचा ताळा

नेरळच्या बाजारपेठेतील एखाद्या किराणा दुकानात ग्राहकाला चार रुपये परत द्यायचे आहेत आणि गल्ल्यात केवळ एक व दोन रुपयांची नाणी आहेत, असे समजू. नाणी एकामागून एक ग्राहकाच्या हातावर ठेवायची झाल्यास ती किती प्रकारे ठेवता येतील? दोन-दोन, दोन-एक-एक, एक-दोन-एक, एक-एक-दोन, आणि चारही नाणी एक रुपयाची. एकूण पाच प्रकार. रक्कम पाच रुपये असेल तर आठ प्रकार होतात, सहा असेल तर तेरा आणि सात असेल तर एकवीस. एक रुपयापासून दहा रुपयांपर्यंतची उत्तरे ओळीने लिहिली की १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ ही संख्यामाला तयार होते.

आजच्या विद्यार्थ्याला ही माला ‘फिबोनाची संख्या’ या नावाने ठाऊक असते. परंतु इटलीतील लिओनार्दो फिबोनाची याने आपला ग्रंथ लिहिण्यापूर्वी सुमारे अर्धे शतक, गुजरातेतील अणहिलवाड पाटण येथे, कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रसूरी यांनी हीच माला तिच्या नियमासह नोंदवली होती. त्यांच्यासमोर नाणी नव्हती, तर काव्यातील मात्रा होत्या. ही माला त्यांना का लागली आणि तिच्यातून व्यापारी घरातील वाचकाने काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

शेवटचे नाणे कोणते?

मालेतील प्रत्येक संख्या तिच्या मागील दोन संख्यांची बेरीज आहे. ५ आणि ८ मिळून १३, ८ आणि १३ मिळून २१. हे पाहणे सोपे आहे. असे का घडते, हे समजून घेणे अधिक मोलाचे आहे.

सहा रुपये देण्याचे सर्व प्रकार डोळ्यांसमोर आणावेत आणि प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारावा: शेवटचे नाणे कोणते? ते एक रुपयाचे असेल, तर त्यापूर्वी पाच रुपये दिले गेले आहेत. पाच रुपये देण्याचे प्रकार आठ. ते दोन रुपयांचे असेल, तर त्यापूर्वी चार रुपये दिले गेले आहेत. चार रुपयांचे प्रकार पाच. तिसरी शक्यता नाही, आणि एकही प्रकार दोन्ही गटांत येत नाही. म्हणून एकूण प्रकार आठ अधिक पाच, म्हणजे तेरा. रक्कम कितीही मोठी असली तरी हाच युक्तिवाद लागू पडतो. मागील पदांच्या ठरावीक पटी घेऊन, त्यांच्या बेरीज-वजाबाकीने पुढील पद देणाऱ्या अशा नियमाला गणितात रेषीय आवर्ती संबंध म्हणतात. सुरुवातीची एक-दोन पदे आणि नियम एवढे भांडवल हाती असले की पुढील सारी माला उलगडत जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्यवहारात ग्राहकाला नाण्यांच्या क्रमाशी कर्तव्य नसते. क्रम सोडून दिला तर चार रुपये देण्याचे प्रकार तीनच उरतात: दोनची दोन नाणी, दोनचे एक व एकची दोन, किंवा एकची चार. दहा रुपयांसाठी क्रम धरला तर ८९ प्रकार होतात, क्रम सोडला तर केवळ सहा. नाणी तीच आणि रक्कमही तीच, तरी उत्तरात एवढे अंतर पडते. कोणतीही संख्या स्वीकारण्यापूर्वी ती नेमकी कशाची मोजणी आहे, हे विचारणे किती आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येईल. या प्रश्नाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

लघु आणि गुरू

काव्यात मात्र क्रम सोडता येत नाही. छंदःशास्त्रात ऱ्हस्व अक्षर लघु मानले जाते व त्याची एक मात्रा धरतात. दीर्घ अक्षर गुरू मानले जाते व त्याच्या दोन मात्रा धरतात. चार मात्रांच्या गटाला चतुर्मात्रिक गण म्हणतात. मराठी शब्दांतून त्याचे प्रकार सहज दाखवता येतात. ‘माता’ या शब्दात दोन गुरू आहेत. ‘कारण’ यात एक गुरू व दोन लघु. ‘विचार’ यात लघु, गुरू, लघु. ‘करुणा’ यात दोन लघु व एक गुरू. ‘झटपट’ यात चारही लघु. (बोलताना शेवटचा ‘अ’ लोपतो, छंदात मात्र तो मोजला जातो.) चार मात्रांचे प्रकार पाच, आणि वर पाहिलेले चार रुपयांचे प्रकारही पाच. लघूच्या जागी एक रुपया व गुरूच्या जागी दोन रुपये ठेवले की दोन्ही याद्या तंतोतंत जुळतात.

हेमचंद्राचार्यांचा जन्म धंधुका येथे मोढ वणिक कुळात, विक्रम संवत ११४५ मध्ये झाला. सिद्धराज जयसिंह व कुमारपाळ या दोन राजांच्या काळात त्यांनी पाटण येथे व्याकरण, कोश, काव्यशास्त्र, योग आणि चरित्र अशा अनेक विषयांवर ग्रंथरचना केली. ‘छन्दोनुशासन’ हा त्यांचा छंदःशास्त्रावरील ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा मानला जातो. मात्रावृत्तांचे प्रकार किती, हे काढण्याचा नियम त्यांनी त्यात दिला आहे. त्याचा आशय असा: शेवटची संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांची बेरीज केली असता पुढील मात्रासंख्येच्या प्रकारांची संख्या मिळते.

हा नियम त्यांनीच प्रथम शोधला, असे म्हणणे मात्र न्याय्य होणार नाही. प्राकृत भाषेत ‘वृत्तजातिसमुच्चय’ रचणारा विरहांक हा त्यांच्या पूर्वीचा. त्याचा काळ इ. स. ६०० ते ८०० च्या दरम्यानचा मानतात. त्याने हा नियम सांगितला आहे. त्याच्या ग्रंथावरील टीकेत गोपाल या पंडिताने, इ. स. ११३५ च्या सुमारास, ही माला संख्यांसह स्पष्ट केली. या मालेच्या संदर्भात विरहांक, गोपाल आणि हेमचंद्र ही तिन्ही नावे एकत्र घेणे हेच सत्याला धरून होते. आचार्यांचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. परंपरेतून आलेले ज्ञान नेमक्या शब्दांत बांधून पुढील पिढीच्या हाती देणे, हे काम त्यांनी व्याकरणापासून छंदापर्यंत जन्मभर केले.

हे ग्रंथ आधुनिक अभ्यासकांपर्यंत पोहोचण्यात एका मराठी विद्वानाचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हरि दामोदर वेलणकर यांनी विरहांकाचा ‘वृत्तजातिसमुच्चय’ हस्तलिखितांवरून संपादित केला. १९४९ मध्ये त्यांनी ‘जयदामन्’ हा छंदःशास्त्रीय ग्रंथांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १९६१ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत हेमचंद्राचार्यांच्या ‘छन्दोनुशासना’ची संपादित आवृत्ती आणली. जैन ग्रंथांची विस्तृत सूची असलेला त्यांचा ‘जिनरत्नकोश’ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४४ मध्ये प्रकाशित केला होता. ग्रंथभांडारांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्या वाचणारा, ताडून पाहणारा व छापणारा विद्वान मिळाला, म्हणून आज या मालेचा इतिहास सांगता येतो.

पिसा नगरीचा व्यापारी-पुत्र

फिबोनाचीची कथाही व्यापारी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बुगिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने काम पाहत. तेथे लिओनार्दोला हिंदू अंकपद्धती शिकावयास मिळाली. शून्यासह दहा अंकांनी हिशेब किती सुकर होतो, हे त्याने १२०२ मध्ये ‘लिबेर अबाची’ या ग्रंथातून युरोपला दाखवून दिले. मालाची अदलाबदल, नाण्यांचे विनिमय-दर, भागीदारीतील नफ्याची वाटणी असे व्यापाऱ्यांचे प्रश्न त्यात भरपूर आहेत. त्याच ग्रंथात सशांच्या एका जोडीचे उदाहरण येते. प्रत्येक जोडी दुसऱ्या महिन्यापासून दर महिन्यास एका नव्या जोडीला जन्म देते, असे धरले तर वर्षाअखेर ३७७ जोड्या होतात. मालेला फिबोनाचीचे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञामुळे रूढ झाले.

एकाने दुसऱ्याकडून ही माला घेतल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. दोघांचे प्रश्नही निराळे: एकीकडे सशांची वाढ, दुसरीकडे अक्षरांची मांडणी. एकच सत्य निरनिराळ्या दिशांनी पाहता येते, ही गोष्ट अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

एक संख्या, अनेक अर्थ

अशा दिशा आणखीही आहेत. नेरळ–माथेरान छोट्या गाडीच्या रुळांमधील अंतर दोन फूट आहे. तेवढ्याच रुंदीची, म्हणजे दोन फुटांची पायवाट घराच्या अंगणात करावयाची आहे आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद अशा शहाबादी फरश्या हाती आहेत, असे समजू. फरशी पायवाटेवर आडवी टाकली तर एक फूट लांबी झाकली जाते. ती पायवाटेच्या दिशेने उभी टाकली तर शेजारी तशीच दुसरी टाकावी लागते आणि दोन मिळून दोन फूट लांबी झाकतात. म्हणजे येथेही एक आणि दोन यांचाच खेळ. चार फुटांच्या पायवाटेचे प्रकार पाच आणि दहा फुटांच्या पायवाटेचे ८९. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढत दहा पायऱ्यांचा जिना चढण्याचे प्रकारही ८९.

नियम थोडा बदलला की माला बदलते. नारायण पंडिताने १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त गाईचा एक प्रश्न आहे. गाय दर वर्षी एका कालवडीला जन्म देते. कालवड तीन वर्षांची झाली की तीही दर वर्षी विऊ लागते. एकही जनावर मरत नाही असे धरले तर वीस वर्षांनी एकूण किती गाई होतील? येथे या वर्षीची संख्या म्हणजे गेल्या वर्षीची संख्या अधिक तीन वर्षांपूर्वीची संख्या, कारण तीन वर्षांपूर्वी गोठ्यात असलेल्या गाईच या वर्षी वितात. सुरुवातीच्या एका गाईपासून वर्षागणिक २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६० असे वाढत जाऊन विसाव्या वर्षी उत्तर २,७४५ येते.

छंदाच्या भाषेतही याचा अर्थ लागतो. व्याकरणात लघु व गुरू यांपलीकडे तीन मात्रांचा प्लुत स्वर मानला आहे. केवळ लघु आणि प्लुत घेऊन ओळी बांधल्या तर त्यांचे प्रकार नारायण पंडिताच्या मालेनेच वाढतात. शेवटचा स्वर लघु असेल तर मागे एक मात्रा कमी, प्लुत असेल तर तीन मात्रा कमी. गोठा आणि पाठशाळा यांचा हिशेब एकाच वहीत बसतो, तो असा.

मोजणी हाच ताळा

छंदःशास्त्रकारांना ही संख्या लागत होती, तिचे कारण जमाखर्च लिहिणाऱ्याला तत्काळ पटेल. सर्व प्रकार ओळीने मांडण्याच्या क्रियेला ‘प्रस्तार’ म्हणतात. दहा मात्रांचा प्रस्तार लिहावयास बसले तर एखादा प्रकार सुटू शकतो, एखादा दोनदा लिहिला जाऊ शकतो, आणि केवळ यादी न्याहाळून ती चूक सापडत नाही. प्रकार ८९ असलेच पाहिजेत, हे स्वतंत्र मार्गाने आधीच ठाऊक असेल, तर यादी पुरी झाली की नाही याचा ताळा पाहता येतो. छंदःशास्त्रात प्रस्तार आणि संख्या ही दोन वेगळी प्रकरणे असतात, त्याचे मर्म येथे आहे. किर्द आणि खतावणी दोन वाटांनी लिहून शेवटी एकमेकींशी जुळवतात, त्यातलाच हा प्रकार.

या लहान संख्यांतून केवढी मोठी संख्या उभी राहते, ते गाथेवरून पाहता येईल. प्राकृतातील गाथा म्हणजेच संस्कृतातील आर्या. निर्युक्तींपासून कितीतरी जैन ग्रंथ या छंदात रचलेले आहेत, आणि महाराष्ट्री प्राकृताचे वैभव असलेली ‘गाथासप्तशती’ही याच छंदात आहे. हिच्या पहिल्या ओळीत ३० मात्रा असतात: चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू. चार मात्रांचे प्रकार पाच, हे वर पाहिलेच. परंतु पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या स्थानी लघु-गुरू-लघु हा गण, म्हणजे ‘विचार’ या शब्दाचा साचा, चालत नाही. म्हणून तेथे चारच प्रकार उरतात. दुसऱ्या व चौथ्या स्थानी पाचही चालतात. सहाव्या स्थानी केवळ दोन चालतात: लघु-गुरू-लघु किंवा चार लघु. चारचा चार वेळा गुणाकार २५६, त्याला पाचने दोनदा आणि दोनने एकदा गुणले की १२,८०० येतात. दुसऱ्या ओळीत २७ मात्रा असतात, कारण तिच्या सहाव्या स्थानी एकच लघु येतो. तिचे प्रकार ६,४००. दोन्हींचा गुणाकार ८ कोटी १९ लाख २० हजार. मराठीत मोरोपंतांनी आर्या घरोघरी पोहोचवली. त्यांच्या बहुतेक आर्या ‘गीति’ प्रकारच्या, म्हणजे दोन्ही ओळी ३० मात्रांच्या आहेत. तिचे प्रकार १६ कोटी ३८ लाख ४० हजार होतात. एवढी यादी कोणी लिहून काढणार नाही. तरीही ती किती लांब असेल, हे एका कागदावर नक्की सांगता येते.

चार आकड्यांवरून पाचवा

संख्यामालेचा मोह मात्र सांभाळावा लागतो. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी सरळ रेषेने जोडला, आणि तीन रेषा आत एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेतली, तर वर्तुळाचे किती भाग होतात? एक बिंदू असता १, दोन असता २, तीन असता ४, चार असता ८, पाच असता १६. सहा बिंदूंना ३२ असे कोणीही उत्तर देईल. प्रत्यक्षात भाग ३१ होतात. पाच आकडे दुपटीने वाढले, परंतु दुपटीचे कारण तेथे कधी नव्हतेच. हेमचंद्राचार्यांची माला कोठेही ढळत नाही, कारण तिच्यामागे ‘शेवटचे अक्षर लघु की गुरू’ हे कारण आहे.

व्यापारी घरांत हा भेद प्रत्यक्ष रकमांना भिडतो. तीन दिवाळ्यांची विक्री दर वर्षी वाढली, म्हणून चौथ्या दिवाळीचा माल त्याच पटीत उधारीवर भरावा काय? वाढीचे कारण ठाऊक असेल तर विचार करावा. केवळ आकड्यांची रांग पाहून भरू नये.

याहून घातक आहेत साखळी योजना. एका सभासदाने दोन सभासद आणावेत, त्या प्रत्येकाने आणखी दोन, आणि वर असणाऱ्यांना खालच्यांच्या पैशांतून लाभ मिळावा, अशी त्यांची रचना असते. १, २, ४, ८ ही माला कागदावर फार मोहक दिसते. दहाव्या पायरीला १,०२४ नवे सभासद लागतात, विसाव्या पायरीला १० लाख ४८ हजार ५७६ आणि तिसाव्या पायरीला १०७ कोटींहून अधिक. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती. पण तिसाव्या पायरीची वाट पाहण्याचेही कारण नाही. या मालेत कोणतीही संख्या तिच्या मागील सर्व संख्यांच्या बेरजेहून एकने जास्त असते: १, २ व ४ मिळून ७, आणि पुढील संख्या ८. म्हणजे पायरी पूर्ण भरून साखळी कोणत्याही दिवशी थांबली, तरी सभासदांपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या पायरीवर असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांच्याखाली कोणीही नसते. योजना चालवणारा प्रामाणिक असो वा नसो, हा निकाल बदलत नाही. अशा योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. परंतु त्या नवनव्या नावांनी येतात, आणि बहुधा नात्यातील किंवा समाजातील ओळखीच्या माणसाच्या हातूनच घरात शिरतात. तेथे ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. अशा वेळी वाद न घालता एक कागद पुढे ठेवून पायऱ्या लिहाव्यात आणि शांतपणे विचारावे: ही संख्या कशाची मोजणी आहे? हे लोक कोठे आहेत?

हेमचंद्राचार्यांच्या ८९ मागे दहा मात्रांच्या ८९ खऱ्या मांडण्या आहेत. बसून लिहिल्या तर त्या एकूण एक दाखवता येतात. साखळी योजनेच्या १०७ कोटींमागे दाखवता येण्याजोगे कोणीच नाही.

घरातील मुलांना ही माला पाठ करावयास सांगण्याऐवजी त्यांच्यासमोर एक-दोन रुपयांची मूठभर नाणी ठेवावीत. प्रथम पाच रुपयांचे आठ प्रकार मांडून घ्यावेत, मग सहा रुपयांचे किती होतील ते न मांडता विचारावे आणि उत्तर आले की ‘कशावरून?’ हा प्रश्न जोडावा. ‘शेवटचे नाणे एकचे तरी असेल नाही तर दोनचे’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आले, की आठशे वर्षांहून जुनी युक्ती त्याच्या मालकीची झाली. पुढे कोणी दामदुपटीचा तक्ता त्याच्यासमोर ठेवील, तेव्हा ‘कशावरून?’ हे विचारण्याची सवय त्याला झालेली असेल.